खेळांच्या पानावरील हयगय

वर्तमानपत्र हाती पडताच आधी खेळांचे पान उघडणारे वाचक थोडे नाहीत. बाजारात दुकानाची फळी निघते न निघते तोच कालच्या सामन्याची चर्चा सुरू होते. असे असता या पानावरील मजकुराविषयी संपादकवर्गाने जी हयगय चालविली आहे, तिच्यासंबंधी स्पष्ट लिहिणे आम्हांस भाग आहे.

खाशाबा जाधव यांचेच उदाहरण घ्या. कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर गावच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या वाक्याचा सारा भार 'स्वतंत्र' आणि 'वैयक्तिक' या दोन विशेषणांवर आहे. पण मथळा ठसठशीत करण्याच्या नादात त्यांतील एक, कधी दोन्हीही, गाळली जातात आणि 'भारताचे पहिले ऑलिंपिक पदक' असे छापून निघते. मग १९२८ साली अॅमस्टरडॅम येथे हॉकीत मिळालेले सुवर्णपदक कोठे गेले? एकटे 'वैयक्तिक' गाळले, तरी १९४८ सालच्या लंडनच्या हॉकी विजयावर बोळा फिरतो. एकटे 'स्वतंत्र' गाळावे, तर कलकत्त्यास जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी १९०० साली पॅरिस येथे धावण्याच्या शर्यतींत मिळविलेली दोन रौप्यपदके आडवी येतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्याच खाती मांडते. मातीच्या आखाड्यात वाढलेला जो गडी १९४८ साली लंडनला सहावा आला व चार वर्षांत गादीवर तिसरा ठरला, त्याच्या थोरवीस दुसऱ्यांची पदके उसनी आणण्याची गरज काय?

सामने रात्री उशिरा संपतात, पान छापावयास जाण्याची घाई असते, ही सबब पुढे केली जाते व तीत तथ्य आहे. परंतु १९५२ सालचे पदक काही काल रात्री मिळालेले नाही.

क्रिकेटचा धावफलक तर आमच्या व्यापारी वाचकांनी स्वतः ताडून पाहावा. फलंदाजांच्या धावा व अवांतर धावा यांची बेरीज एकूण धावसंख्येशी जुळलीच पाहिजे. गोलंदाजांच्या नावे लागलेल्या धावांत बाय व लेगबाय मिळविले म्हणजे (दंडाच्या धावांचा विरळा प्रसंग सोडून) पुन्हा तोच आकडा यावयास हवा. रोजकीर्दीत असा मेळ न बसला तर मुनीम घरी जात नाही! वर्तमानपत्रात मात्र तो न बसताही पान यंत्रावर चढते. शब्दांचीही तीच गत. एका धावेने जिंकलेला सामना 'दणदणीत' आणि डावाने जिंकलेलाही 'दणदणीत'. वाचकाने समजावे तरी काय?

सर्वांत अधिक अन्याय होतो तो तालुक्या-जिल्ह्याच्या कबड्डी व खो-खो सामन्यांतील खेळाडूंवर. नामांकित क्रिकेटपटूचे नाव एके ठिकाणी चुकले तर दहा ठिकाणी बरोबर सापडते. लहान गावातील मुलीचे नाव बहुधा एकदाच छापून येते. तिची आई ते कात्रण ट्रंकेत जपून ठेवते. त्यातच आडनाव दुसरीचे पडले, तर तिने दाद कोठे मागावी?

आमच्या हातूनही अशा चुका झाल्या आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. यापुढे या पानाची मुद्रिते, बातमी लिहिणाराखेरीज दुसऱ्या एका माणसाने आकड्यांसह तपासल्यावाचून यंत्रावर जाणार नाहीत. वाचकांनी दाखविलेली चूक दुसऱ्याच दिवशी, त्याच पानावर व त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्त करून छापली जाईल.