वाचनाची उधारी



उधारी दिली की व्यापारी ती वहीत मांडतो, तिथे तारीख घालतो आणि वेळेवर तगादाही लावतो. वाचनाच्या उधारीची मात्र वही नसते. पंचवटीच्या मार्केट यार्डात लिलाव चालू असताना मोबाईलवर कांदा-निर्यातीसंबंधीचा लेख येतो आणि ‘सवडीने वाचू’ म्हणून जपून ठेवला जातो. असे शेकडो लेख साठतात. हवा तो ऐनवेळी सापडत नाही.

यात दोन धोके आहेत. पहिला शिळेपणाचा. मे २०२४ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क होते, सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. त्या त्या वेळचा प्रत्येक लेख खराच. परंतु तारीख न पाहता जुन्या लेखावरून भाव बांधला, तर सौदा फसतो. दुसरा धोका परक्या कोठारातील ठेवीचा. लेख जपून ठेवणारी ‘पॉकेट’ ही सेवा २००७ पासून चालू होती. २०१७ मध्ये मोझिलाने ती विकत घेतली आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. आपली यादी उतरवून घेण्यासाठी लोकांना काही महिन्यांची मुदत तेवढी मिळाली.

म्हणून यादी आपल्याच संगणकावर असावी. त्यासाठी ‘बुकू’ हे मोफत साधन उपलब्ध आहे. त्यात बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावी लागते. डॉसच्या काळात ज्यांनी हिशेब ठेवले, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. लेखाचा पत्ता दिला की शीर्षक ते स्वतः नोंदवते. ‘कांदा’, ‘जीएसटी’, ‘आरोग्य’ अशा खुणा आणि शेरा जोडता येतो. पुढे एखादा शब्द देताच नोंद समोर येते. लेखाची तारीख आपण शेऱ्यात अवश्य लिहावी. साऱ्या नोंदी एकाच फायलीत राहतात. तिची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवणे सोपे.

मात्र येथे जपला जातो तो पत्ता, लेख नव्हे. महत्त्वाचे परिपत्रक वेगळे उतरवून ठेवावे.

तरीही नुसत्या यादीचे मोल थोडे नाही. ह. दा. वेलणकरांचा ‘जिनरत्नकोश’ १९४४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. ती जैन ग्रंथांची वर्णानुक्रमे सूची. तीत ग्रंथ नाहीत; पण निरनिराळ्या भांडारांतील हस्तलिखितांपर्यंत पोहोचण्याची वाट अभ्यासकांना तिच्यामुळे मिळाली.

आठवड्यातून अर्धा तास या वहीसाठी राखावा. वाचलेल्या लेखाची नोंद काढावी, कालबाह्य झालेला लेख न वाचताही काढावा आणि उरलेल्यांतला एक त्याच बैठकीत वाचून संपवावा. घरातील मुलांनी आज्ञा टंकाव्यात, वडीलधाऱ्यांनी काय ठेवायचे ते सांगावे. त्या निमित्ताने घरात कोण काय वाचते, हेही एकमेकांना कळेल.