पंक्चर काढावे की ट्यूब बदलावी?

सकाळी शिकवणीसाठी सायकल बाहेर काढावी आणि मागचे चाक बसलेले दिसावे, हा अनुभव शाळकरी मुलांच्या घरांना नवा नाही. अशा वेळी घरात दोन मते ऐकू येतात. वडील म्हणतात, "पंक्चर काढत बसण्यापेक्षा नवी ट्यूब टाकू, कटकट मिटेल." आजोबा म्हणतात, "एवढ्याशा छिद्रासाठी अख्खी ट्यूब टाकून द्यायची?" एकाला वेळेची काळजी असते, दुसऱ्याला वस्तूची. दोघांचेही म्हणणे वावगे नसते. मात्र छिद्र पाहण्याआधीच दोघांचा निर्णय झालेला असतो.

नववीत शिकणाऱ्या एका मुलीच्या घरी असेच घडले. रविवारी वडिलांनी नवी ट्यूब बसवून घेतली. बुधवारी संध्याकाळी शिकवणीहून परतताना तेच चाक पुन्हा बसले आणि तीन किलोमीटर अंधारातून सायकल ढकलत ती घरी पोहोचली. तोवर घरातील सर्वांचा जीव टांगणीला लागला होता. वडिलांनी दोष नव्या ट्यूबला दिला.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी खुंटीवर टांगलेली जुनी ट्यूब उतरवली. दोन्ही ट्यूबमध्ये थोडी हवा भरून त्यांनी त्या घमेल्यातील पाण्यात बुडवल्या. बुडबुडे आले तेथे खूण केली. दोन्ही ट्यूब शेजारी धरल्यावर नात म्हणाली, "आजोबा, दोन्ही छिद्रे व्हॉल्व्हपासून सारख्याच अंतरावर आहेत!" तेवढेच अंतर मोजून टायरच्या आतून जपून बोट फिरवताच बाभळीच्या काट्याचे मोडके टोक हाताला लागले. तो काटा निघाला नसता, तर तिसरी ट्यूबही त्याच जागी फुटली असती.

छिद्राची जागा पुष्कळ काही सांगते. ट्यूबच्या बाहेरच्या, म्हणजे टायरकडील बाजूस छिद्र असेल, तर काटा, खिळा किंवा काच टायरमध्ये शोधावी. आतल्या, म्हणजे रिमकडील बाजूस छिद्र असेल, तर एखाद्या आरीचे टोक वर आले आहे काय आणि रिमवरील पट्टी सरकली आहे काय, हे पाहावे. शेजारी शेजारी दोन छिद्रे दिसली, तर बहुधा हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळले आणि ट्यूब रिमच्या कडांत चिमटली, असे समजावे. तेथे ठिगळ लावून पुरत नाही. हवा भरण्याची सवयही लावावी लागते.

कधी तर पंक्चर नसतेच. आपल्याकडील साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर रबराची एक बारीक नळी असते. ती जुनी होऊन चिरली की हवा हळूहळू जाते. म्हणून टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवून बुडबुडा येतो का, हे पाहणे शहाणपणाचे.

काट्याच्या बारीक छिद्रासाठी ट्यूब बदलण्याचे कारण नसते. छिद्राभोवतीची जागा पॉलिश पेपरने घासावी, पुसून कोरडी करावी आणि सोल्यूशनचा पातळ थर द्यावा. येथेच बहुतेकांची घाई होते. ओल्या सोल्यूशनवर दाबलेले ठिगळ लवकर सुटते. सोल्यूशनची चकाकी जाऊन ते हाताला जेमतेम चिकट लागेपर्यंत चार-पाच मिनिटे थांबावे, मग ठिगळ मधून कडांकडे दाबत बसवावे. असे बसलेले ठिगळ सहसा ट्यूब असेपर्यंत टिकते.

सायकलच्या प्रारंभीच्या काळात हे काम इतके सोपे नव्हते. 1888 साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. ते टायर चाकाला चिकटवलेले असत, त्यामुळे पंक्चर काढणे जिकिरीचे होई. 1891 साली फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी सुटा होणारा टायर आणला. टायर उतरवून ट्यूब दुरुस्त करण्याची आजची सोय ही अशी जुन्या गरजेतून आलेली आहे.

तथापि दुरुस्तीलाही मर्यादा आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी गेलेली चीर, लांब फाटलेली ट्यूब, बोटांनी ताणताच बारीक भेगा दाखवणारे रबर आणि ठिगळावर ठिगळ चढलेली जागा, या चार प्रसंगी नवी ट्यूब घेणेच योग्य. आजोबांचा आग्रहही येथेच हरला. जुनी ट्यूब वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तिलाही ठिगळ लावले होते. पण तिच्या व्हॉल्व्हच्या मुळाशी दुसरी चीर होती. तेथे ठिगळ सपाट बसेना, आणि बसले तेही रात्रीतून सुटले. "हिच्यावर पोरीला पाठवायचे नाही," असे त्यांनी स्वतःच सांगितले.

अखेर रविवारी आणलेल्या ट्यूबलाच ठिगळ लावून ती पुन्हा चाकात बसवली गेली. निकामी ट्यूबच्या काही पट्ट्या कापून कॅरिअरवर दप्तर बांधण्यास घेतल्या, उरलेले तुकडे पंक्चर काढणाऱ्या दुकानदारास ठिगळांसाठी दिले. ट्यूब जाळण्याचा विचार मात्र कोणी करू नये. रबर पक्के करण्यासाठी त्यात गंधक घातलेले असते आणि त्याचा धूर छातीला बाधतो.

दुरुस्तीचे सर्व काम नातीने स्वतःच्या हाताने केले. सोल्यूशन वाळेपर्यंत थांबण्याची वेळ आली, तेव्हा वडील घड्याळ पाहू लागले. तिने त्यांना सांगितले, "बाबा, अजून दोन मिनिटे. ते ओले आहे." वडील काही न बोलता पंप घेऊन तिच्या शेजारी बसले.