उपचार मुलावर करायचे की रिपोर्टवर?

"डॉक्टर, मुलाला मागच्या महिन्यात कोविड झाला होता. आता खेळतोय, जेवतोय. पण खबरदारी म्हणून तपासण्या केल्या, तर डी-डायमर वाढलाय!"

२०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर असे घाबरलेले फोन मला कितीतरी आले. माझं उत्तर पालकांना आवडत नसे: ही तपासणी करायलाच नको होती.

भीतीमागचा आजार मात्र खरा आहे. कोविडनंतर साधारण २ ते ६ आठवड्यांनी मोजक्या मुलांची प्रतिकारशक्ती बेफाम होते आणि हृदय, रक्तवाहिन्या, आतडी अशा आपल्याच अवयवांना सूज आणते. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी याबद्दल इशारा दिला. या आजाराला 'मिस-सी' म्हणतात. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात.

या आजारात सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, आयएल-६ वाढतात. पण म्हणून ते वाढले की मिस-सी झालाच, असं नाही! सीआरपी न्यूमोनियातही वाढतो, फेरिटिन डेंग्यूतही वाढतं. शरीरात दाह आहे एवढंच हे आकडे सांगतात, तो कशामुळे आहे हे सांगत नाहीत.

कोविडच्या अँटिबॉडीचंही तेच. जून-जुलै २०२१ च्या आयसीएमआरच्या सर्वेक्षणात ६ ते १७ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांमध्ये त्या सापडल्या. मग ती सगळी मुलं आजारी होती का?

तरीही तपासण्यांची 'पॅकेजेस' विकली जातात आणि आपण ती घेतो. वर 'इम्युनिटी बूस्टर'ही देतो. अहो, ज्या आजारात प्रतिकारशक्तीच उसळलेली असते, तिथे ती वाढवून काय साधणार?

याहून वाईट चूक उलटी आहे. मूल तापाने मलूल पडलंय आणि घरचे म्हणतात, "उद्या रिपोर्ट येऊ दे, मग दाखवू." या आजारात काही तासांतही रक्तदाब खाली येऊ शकतो. रिपोर्टची वाट पाहू नका.

कोविड किंवा तसा ताप येऊन गेल्यावर काही आठवड्यांत ही लक्षणं दिसली तर मुलाला लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या:

- पुन्हा ताप येऊन तो तीन दिवसांत न उतरणं
- डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ-जीभ लाल, अंगावर पुरळ
- जोराची पोटदुखी, उलट्या, जुलाब

हातपाय गार, धाप, लघवी कमी, खूप सुस्ती यांपैकी काहीही दिसलं, तर तीन दिवस मोजत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

तिथे डॉक्टर मुलाला तपासून याच रक्तचाचण्या करतील, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टूडी इकोही करतील. तेव्हा त्या आकड्यांना अर्थ असतो, कारण समोर आजारी मूल असतं.

हसत-खेळत असलेल्या मुलाच्या दंडात उगाच सुई टोचू नका. आणि आजारी मुलाला रिपोर्टसाठी थांबवू नका.