समुपदेशकाचा नोंदणी क्रमांक कुठे असतो?

‘लाज सोडा, समुपदेशकाकडे जा’ असे सांगणारा पुरवणीतला लेख वाचला. लाज सोडलेले लोक पुष्कळ आहेत; समोर बसलेला कुठे, काय शिकला हे त्यांनी कोणाला विचारायचे? नागपुरात जानेवारी २०२५ मध्ये विद्यार्थिनींच्या लैंगिक शोषणाच्या आरोपाखाली मानसतज्ज्ञाला अटक झाली, त्यावर लेखात चकार शब्द नाही.

म्हणे, समुपदेशकाशी असलेले नाते बरोबरीचे! एकाने नवऱ्यापासून लहानपणच्या भीतीपर्यंत सगळे ओकून टाकायचे आणि दुसऱ्याने वहीत काय खरडले तेही दिसायचे नाही. माझ्या भाचीने समुपदेशकाला पदवी विचारली. उत्तर मिळाले, ‘तुला विश्वास ठेवणे जड जाते, आपल्याला यावरच काम करायचे आहे.’ शिंप्याने बाही बिघडवली तर त्याच्याशी भांडता तरी येते. इथे भांडण हेच आजाराचे लक्षण! दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेतलेले. पावतीच्या तळाशी ‘कोणत्याही परिस्थितीत रक्कम परत मिळणार नाही’ हे ठळक अक्षरांत; नोंदणी क्रमांक कुठेच नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसते ‘समुपदेशक’ म्हणवून घ्यायचे तर पाटी रंगवली की झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयतेचा आणि स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे, पण तो मानसिक आजार असलेल्याला. सासरच्या कटकटींनी बेजार होऊन गेलेल्या बाईने कोणते कलम दाखवायचे? २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने समुपदेशनही कक्षेत घेतले, तरी आमच्या भागातल्या एकाही पाटीवर क्रमांक चढलेला नाही. विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन शरीरसंबंध ठेवणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ६८ आहे. ते लागते सगळे घडून गेल्यावर. आधी काय? क्रमांक दर्शनी भागात लावा आणि तक्रार कुठे करायची तो पत्ता पावतीवर छापा. एवढे करायला नवा कायदा कशाला हवा?

शाळांमध्ये तर याहून आनंदीआनंद. मूल समुपदेशकाच्या खोलीत जे बोलते ते मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत पोचते, आणि पालकसभेत बाई सर्वांदेखत विचारतात, ‘घरी भांडणे होतात का हो?’ पगार शाळा देते म्हणून मुलाचे गुपितही शाळेच्या मालकीचे?

– एक वाचक, नाशिक