जुळलेल्या जुळ्या आणि ग्रहणाची विळी

दिघीत सध्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोय. शरीरं जुळलेल्या दोन लहान मुली. कोणी 'देवीचा अवतार' म्हणून हात जोडतंय, कोणी लिहितंय, आईनं ग्रहण पाळलं नसणार, विळी हातात धरली असणार. परवा पाच महिन्यांची एक गरोदर बाई त्यामुळेच रडत आली. ग्रहणाच्या दिवशी तिनं मासळी कापली होती.

हे ग्रहणाचं खूळ आता थांबवा. एकसारखी जुळी एकाच फलित बीजापासून होतात. गर्भधारणेनंतर साधारण 13 दिवस उलटल्यावर बीज विभागायला लागलं आणि विभागणी अर्धवट राहिली, तर बाळं जुळलेली राहतात. काही शास्त्रज्ञांच्या मते वेगळे झालेले भाग पुन्हा चिकटतात. काहीही धरा, हे सगळं अगदी सुरुवातीला घडतं, पाळी चुकल्याचं जेमतेम कळतं त्या सुमारास. पाचव्या महिन्यातल्या विळीचा त्याच्याशी संबंध काय? शंका असेल तर 11 ते 14 आठवड्यांची सोनोग्राफी करा, त्यात बहुतेकदा दिसतं.

दुसरी घाई 'ऑपरेशन करून सोडवा' म्हणणाऱ्यांची. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात 2014 मध्ये ओटीपोटाशी जुळलेल्या दोन बहिणींना वेगळं केलं गेलं. तिथे ते शक्य होतं. हृदय एकच असेल, तर वेगळं करणं म्हणजे बहुधा एकीचा तरी जीव घेणं. आधी कोणते अवयव सामायिक आहेत ते तपासावं लागतं. शेजाऱ्यांच्या मतांवर हे ठरत नाही.

सारा क्रॉसनची 'वन' (2015) ही किशोरांसाठीची कादंबरी पूर्ण कवितेत आहे. तिला 2016 चं कार्नेगी पदक मिळालं. त्यातल्या ग्रेस आणि टिपी या जुळलेल्या बहिणी 16 व्या वर्षी पहिल्यांदा शाळेत जातात. कथा ग्रेस सांगते, आणि तिच्या मनातलं टिपीच्या मनातलं नसतं. मला पुस्तक आवडलं ते एवढ्यासाठी. आपल्याकडेही अमृतसरच्या सोहना-मोहना या जुळलेल्या भावांनी 2022 च्या पंजाब विधानसभा निवडणुकीत दोन वेगळी मतं दिली. शरीर जुळलेलं असलं तरी माणसं दोन, हे निवडणूक आयोगाला कळलं. आपल्या गावातल्या ग्रुपला अजून नाही.

आणि तो व्हिडिओ मला पाठवू नका. त्या दोघींना कोणी विचारून चित्रित केलेलं नाही.