‘ते तपासणीला येतच नाहीत’ म्हणे!

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात सोमाली स्थलांतरितांची मोठी वस्ती आहे. त्यातले बरेचजण टॅक्सी चालवून पोट भरतात. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होताना दुखत नाही, सुरुवातीला दिसायचेही कमी होत नाही. म्हणून दरवर्षी तपासणी हवी. ती का होत नाही? ठरलेले उत्तर : ‘या समाजात जागरूकता नाही.’

मित्रांनो, हे उत्तर आपल्या वस्त्यांनीही ऐकलेले आहे.

बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास गाडी चालवता येत नाही. त्या दिवसाची कमाई गेली. कित्येकांकडे विमा नाही, चिठ्ठी इंग्रजीत, दुभाषा म्हणून घरचेच शाळकरी पोर. याला अज्ञान म्हणायचे? शिवाय सरकारी आकडेवारीत कालचा सोमाली निर्वासित आणि गुलाम म्हणून आणलेल्यांचा वंशज बहुतेकदा एकाच ‘कृष्णवर्णीय’ रकान्यात. वेगळी मोजणीच नाही, तर तरतूद कशी होणार? जातनिहाय जनगणना मागणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

इंग्लंडमध्ये १२ वर्षांवरील मधुमेहींना सरकारी आरोग्यसेवा पत्र पाठवून मोफत तपासणीला बोलावते. (पत्र कोणत्या भाषेत, हा प्रश्न तिथेही आहेच.) अमेरिकेत अशी राष्ट्रीय योजनाच नाही. पडद्याचा फोटो स्वतःच तपासणाऱ्या संगणकप्रणालीला तिथे २०१८ मध्ये परवानगी मिळाली. नेत्रतज्ज्ञ नसलेल्या साध्या दवाखान्यातही ती चालते, आणि अनेकांना थेंबही लागत नाहीत. ती आधी या वस्तीतल्या दवाखान्यात, सोमाली बोलणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती द्या. कोण येत नाही, ते त्यानंतर बोलू.