पावसाचा आकडा कुणाच्या मालकीचा?

वाशीम जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकाच्या लेखी 65 ही संख्या पंचांगातील मुहूर्ताहून महत्त्वाची आहे. चोवीस तासांत महसूल मंडळातील पावसाने 65 मिलिमीटरची मर्यादा ओलांडली की शासनदप्तरी ती अतिवृष्टी ठरते आणि पंचनाम्याची चक्रे फिरू लागतात. 2017 पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली मंडळोमंडळी स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. कृषी विभाग पर्जन्यमानाचे आकडे संकेतस्थळावर प्रसिद्धही करतो.

आता समजा, रिसोडच्या एखाद्या कृषी पदवीधराने या नोंदी वर्षवार लावून पुस्तिका छापली आणि गावोगाव वाटली. त्याला अनुमती घ्यावी लागेल काय? जे सर्वांना दिसते ते सर्वांचे, ही समजूत भाबडी आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने शासकीय प्रकाशनाचा हक्क प्रथमतः शासनाकडे, आणि तोही साठ वर्षे ठेवला आहे. अमुक दिवशी अमुक मिलिमीटर पाऊस पडला, या निव्वळ तथ्यावर कुणाचाच हक्क नसतो. हक्क असतो तो निवडीवर आणि मांडणीवर. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ श्रम पुरेसे नाहीत, किमान सर्जनशीलता हवी, असे सांगितले. म्हणजे आकडे मोकळे, तक्ता मात्र कदाचित बांधलेला! ही सीमा ओळखायला त्या तरुणाने वकील गाठावा काय? शिवाय अटींचे कुलूप वेगळेच. पुण्याच्या हवामान खात्याकडून केंद्रनिहाय नोंदी घेताना त्या तिसऱ्याला न देण्याचे हमीपत्र घेण्याची पद्धत रूढ आहे. तिथे कॉपीराइट असो वा नसो, दिलेला शब्द बांधतो.

केंद्राने यावर उपाय योजलेला आहे. 2012 च्या राष्ट्रीय माहिती-आदानप्रदान धोरणापाठोपाठ 2017 साली शासकीय मुक्त माहिती परवाना अधिसूचित झाला. स्रोताचा उल्लेख करावा आणि शासनाची मान्यता असल्याचा आभास निर्माण करू नये, एवढे पथ्य पाळले की माहिती वापरता, बदलता, पुन्हा वाटता, विकताही येते. मात्र हा परवाना आपोआप लागू होत नाही; माहिती त्याखाली प्रसिद्ध झालेली असावी लागते.

अमेरिकेने लँडसॅट उपग्रहांचा चित्रसंग्रह 2008 साली जगाला विनामूल्य खुला केला. मालेगाव वा मानोऱ्याच्या शिवाराचे चित्र परक्या उपग्रहाकडून निःशंकपणे घ्यावे आणि त्याच शिवारातल्या पावसाचा आकडा छापताना मात्र अडखळावे, ही स्थिती शोभादायक नव्हे.

वाशीमला तर मुक्त ज्ञानाची परंपरा आहे. भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ या बाराव्या शतकातील ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरील स्थाने दिली आहेत. त्यांत उज्जयिनीसोबत वत्सगुल्म, म्हणजेच वाशीम, आहे. आजच्या नकाशात वाशीम उज्जैनच्या एक अंशाहून अधिक पूर्वेला भरते. ही तफावत दिसते, कारण ती यादी कुणी पेटीत ठेवली नाही; पुढच्यांनी ती उतरवली, पडताळली.

उद्या कुणी खोटे आकडे शासनाच्या नावावर खपवील, ही अधिकाऱ्यांची भीती अनाठायी नाही. पण खोट्याला परवाना कधीच अडवत नाही. अडतो तो प्रामाणिक माणूस. राज्याच्या कृषी विभागाने पर्जन्यमानाच्या प्रत्येक तक्त्याखाली केंद्राच्या परवान्याचे दोन ओळींचे कलम मराठीत छापावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. येत्या खरिपापूर्वी सहज होण्याजोगे काम आहे.